शोभाचं पथ्य आणि वनस्पतीचे तीन डबे

कळंब, दि. २८ मे २००६

तीर्थस्वरूप घनश्यामदादा यांच्या चरणी,

आपल्या धाकट्या बहिणीच्या यजमानाचा, म्हणजे माझाच, साष्टांग नमस्कार. (तो सध्या मनातल्या मनात घातला आहे असं समजावं. प्रत्यक्षात घालायचा तर आधी पोट टेकतं आणि बाकीची अंगं अधांतरी राहतात. हे असं कशानं झालं तेच सांगायला पत्र लिहितो आहे.) वहिनींची कंबर आता कशी आहे? मी सांगितलेलं तेल चोळतात, की बाटली देवळीत तशीच ठेवली आहे? म्हैस व्याली का? आणि गेल्या हंगामातला कापूस एकदाचा घराबाहेर पडला का? संक्रांतीला आलो होतो तेव्हा तो भाव चढायची वाट बघत तुमच्या बैठकीत आढ्यापर्यंत बसला होता, आणि मला निजायला त्याच्यावरच जागा मिळाली होती. आठ दिवस अंग खाजवत होतो. ही तक्रार नव्हे. जावयाला कापसाच्या गादीवर निजवणारे पुष्कळ असतात, गादी भरायच्या आधीच निजवणारे तुम्ही एकटे.

परवा तुम्ही फोनवर विचारलंत, शोभाची तब्येत कशी आहे, आणि मी घाईघाईनं ‘छान, छान’ म्हणून फोन ठेवला. त्याचा राग धरू नये. फोन बैठकीत असतो, शोभा स्वयंपाकघरात असते, पण तिचे कान कुठे असतात ते मला लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही कळलेलं नाही. म्हणून सगळं सविस्तर कागदावर लिहितो. पुढचा मजकूर बसून वाचावा. मध्ये एके ठिकाणी तुम्हाला माझा फार राग येईल, पण तिथे थांबू नका, पुढे वाचा.

त्याचं असं झालं. पाडव्याला आम्ही दोघं चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. आपल्या चिंतामणीचं उलटं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, इतर देवांकडे चढून जायचं आणि उतरून यायचं, इथे आधी उतरायचं आणि मग चढायचं. उतरताना शोभा माझ्या पुढे होती. चढताना चौथ्या-पाचव्या पायरीवर ती थांबली, छातीला हात लावला, आणि ‘थांबा जरासक’ म्हणाली. दादा, मी चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढली, अवल कारकून म्हणून निवृत्त झालो, मोर्चे पाहिले, घेराव पाहिले, पण असा घाबरलो नव्हतो. ही बाई कधी थांबत नाही. मी थांबतो आणि ती पुढे जाते, असाच आमचा संसार चालत आलेला आहे. दुसऱ्याच दिवशी तिला एसटीनं यवतमाळला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पट्ट्या लावून, रक्त काढून, सगळं तपासून सांगितलं की काळजीचं आहे पण वेळेत आलात, रक्तात चरबी फार झाली आहे, गोळ्या देतो, पण गोळ्यांइतकंच आहाराकडे लक्ष द्या, चाळीस दिवसांनी पुन्हा या. आणि एक छापील कागद माझ्या हातात दिला.

आता या कागदाचं ऐका. त्यावर ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली, ‘आहार वनस्पतीजन्य घ्यावा.’ दुसरी, ‘प्राणिजन्य पदार्थ टाळावेत.’ डॉक्टर तोंडानंही काहीतरी सांगत होते, पण समोर लेखी आदेश असताना तोंडी सूचना ऐकत बसायची मला सवय नाही. सरकारी मराठी वाचण्यात माझा हात धरणारा कळंब तालुक्यात कोणी नव्हता. (कलेक्टर कचेरीतूनसुद्धा फोन यायचे, की सदाशिवराव, या परिपत्रकाचा अर्थ काय लावायचा?) तेव्हा मी एसटीत बसल्या बसल्या अर्थ लावायला घेतला. ‘जन्य’ म्हणजे ‘पासून झालेलं’. प्राणिजन्य म्हणजे जनावरापासून झालेलं, म्हणजे दूध, दही, लोणी आणि मुख्य म्हणजे साजूक तूप. ते बंद. ठीक. साजूक तूप बंद झालं तर त्याच्या जागी काय? कागदच सांगतो आहे, वनस्पती. वनस्पती म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. किराणा दुकानात जाऊन ‘वनस्पती द्या’ म्हटलं की दुकानदार काय काढून देतो? पालक काढून देतो का? पिवळा डबा काढून देतो. वनस्पतीजन्य आहार म्हणजे वनस्पती तुपात केलेला आहार. इतका स्वच्छ अर्थ लागल्यावर मला समाधानानं झोप लागली ती थेट कळंबच्या स्टँडवर उतरली.

उतरल्याबरोबर पाच किलोचा डबा घेतला. शोभा म्हणाली, ‘अवो, हे कायले घेऊन राह्यले तुम्ही?’ मी तिला कागद दाखवला. ती म्हणाली, ‘त्याच्या मांगच्या बाजूनं बी लिहेल आहे.’ मी म्हणालो, मागच्या बाजूला छापखान्याचं नाव असतं, ते आपण खायचं नसतं. घरी आलो, कणकेची खळ केली, आणि तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर कायमचा डकवून टाकला, म्हणजे सर्व संबंधितांच्या नजरेसमोर राहील. (सर्व संबंधित म्हणजे शोभा. घरात दुसरं कोणी नाही, मुलगी मिताली पुण्याला असते.) शोभानं अजून दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी तिला म्हणालो, तुला शेतीतलं कळतं, शासकीय मराठी तुला कळत नाही. तिसऱ्या वेळेस ती ‘करा तुमच्या मनासारखं’ म्हणाली. हे वाक्य बायको म्हणते तेव्हा नवऱ्यानं ताबडतोब थांबावं असा नियम असायला हवा होता, पण नव्हता.

दादा, मी यात तुमचाही विचार केला होता, हे कृपया लक्षात घ्या. दुकानदाराशी बोलता बोलता कळलं की या तुपात सरकीचं तेलही घालतात. मी म्हटलं, वा! म्हणजे कपाशी ही वनस्पती, तिची सरकी, सरकीचं तेल, आणि तेलाचं तूप. म्हणजे आम्ही जितकं जास्त खाऊ तितकी सरकी जास्त उठेल, आणि तितका तुमच्या बैठकीतला तो आढ्याला टेकलेला ढीग खाली येईल. सरकारनं कापसासाठी काय केलं ते तुम्ही पाहताच आहात. मी माझ्यापुरतं ताटात करत होतो. शोभाचं हृदय आणि मेहुण्याचा कापूस दोन्ही एका डब्यात सुधारतात म्हटल्यावर माझा उत्साह कोण आवरणार?

तेव्हापासून चाळीस दिवस आमच्या घरात जे पथ्य पाळलं गेलं तसं या जिल्ह्यात कोणी पाळलं नसेल. सकाळी वनस्पतीत परतलेला शिरा. दुपारी वनस्पतीनं माखलेल्या पोळ्या आणि भरल्या वांग्यांवर बोटभर तर्री. चार वाजता आलूबोंडे, तेही वनस्पतीत तळलेले, कारण कागदावर अपवाद दिलेला नव्हता. अक्षय तृतीयेला आमरसात साजूक तुपाऐवजी वनस्पती पातळ करून ओतलं. (ते गार रसात पडल्यावर लगेच गोठतं आणि टाळूला चिकटतं, संध्याकाळपर्यंत निघत नाही. पण मी म्हटलं, औषध आहे, चिकटणारच.) शेजारचे पूनमसिंग, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, एकदा सहज डोकावले आणि दोन आलूबोंडे खाऊन म्हणाले, ‘साहेब, असं पथ्य असन तर आपल्याले बी बिमार पडाले हरकत नाही!’ त्या दिवसापासून ते रोज चारच्या ठोक्याला पथ्याला येऊ लागले. आपल्या हृदयाला काही झालेलं नाही, पण होऊ नये म्हणून खातो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

मी रोज जेवण झाल्यावर शोभाला विचारायचो, तू जेवलीस ना नीट, वनस्पती घेतलंस ना? ती ‘व्हय’ म्हणायची. तोंडी उत्तरावर विश्वास ठेवायची मला सवय नाही, म्हणून मी डब्याचं झाकण उघडून पाहायचो. डबा भराभरा खाली जात होता. मी खूश. आणि खरं सांगतो, शोभाचा चेहराही खुलत चालला होता. पायांची सूज उतरली, दम लागेना, सकाळी उठून अंगण झाडताना गाणं गुणगुणायला लागली. मी पूनमसिंगला म्हणालो, पाहा, लेखी आदेश पाळला की काय होतं ते. पूनमसिंग तोंडात आलूबोंडा असल्यामुळे नुसती मान हलवायचे. मधल्या काळात माझ्या दोन पँटींनी राजीनामा दिला, पण रोगी बरा होत असताना पथ्य करवून घेणाऱ्याच्या पँटीकडे कोण पाहतो?

मग आला एक मंगळवार, गणपतीचा वार. तिसरा डबा तळाला गेला होता. आम्ही पुन्हा चिंतामणीला गेलो. उतरलो, दर्शन घेतलं, चढायला लागलो. शोभा सरळ चढून गेली. वर पोहोचून तिनं मागे पाहिलं तर मी पाचव्या पायरीवर बसलेला. मी म्हणालो, ऊन फार आहे. ती म्हणाली, तुम्ही सावलीत बसले आहा. मग ती पुन्हा खाली उतरली, माझ्या काखेत हात घातला, आणि मला एकेक पायरी वर नेलं. मागून येणारी एक बाई आपल्या सुनेला म्हणाली, ‘पाह्य वं कशी सेवा करून राह्यली म्हातारी म्हाताऱ्याची.’ मी त्या बाईकडे रागानं पाहिलं, पण बोलायला श्वास शिल्लक नव्हता.

दोन दिवसांनी चाळीस दिवस पूर्ण झाले आणि आम्ही यवतमाळला गेलो. शोभाचं रक्त तपासून आलं, डॉक्टरांनी कागद पाहिला आणि खुर्चीतून उठून तिला नमस्कार केला. म्हणाले, काकू, इतकी चरबी इतक्या दिवसांत उतरलेली मी पाहिली नाही, तुम्ही आहार मनापासून पाळला. तुम्हाला काय सांगू दादा, माझी छाती (पोटाच्या वर जितकी उरली होती तितकी) फुगली. मी पुढे सरसावलो आणि म्हणालो, साहेब, श्रेय आपल्या आदेशाचं, मी फक्त अंमलबजावणी केली. शंभर टक्के वनस्पती. एक दिवस खाडा नाही. पाच किलोचे तीन डबे संपवले. डॉक्टर हसले. म्हणाले, डबे कसले काका, कडधान्याचे? मी म्हणालो, नाही हो, वनस्पतीचे. पिवळे. ते हसायचे थांबले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, जन्य म्हणजे काय तिथपासून आमरसापर्यंत. ते ऐकत होते आणि कंपाउंडर दारात येऊन उभा राहिला होता. सगळं ऐकून डॉक्टरांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात विचारलं, काका, कागद उलटून नाही पाहिला? मागे अख्खी यादी आहे. पालेभाज्या, शेंगा, डाळी, ज्वारी, फळं, जवस, भिजवलेली कडधान्यं. आणि खाली चौकटीत छापलं आहे, ‘वनस्पती तूप पूर्ण बंद.’

इथे तुम्हाला माझा राग आला असेल. मला स्वतःचाच आला. रागापेक्षा भीती जास्त वाटली. मी ज्या बाईला वाचवायला निघालो होतो तिला चाळीस दिवस मीच विष चारत होतो, आणि तेही शिस्तीत, हे त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला उमगलं. डॉक्टर मात्र रिपोर्टकडेच पाहत होते. म्हणाले, पण मग हे उतरलं कसं? तेव्हा शोभा पदर सावरून म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, म्या त्यातलं काहीच खाल्लं नाही. त्या दिवशी हे यष्टीत झोपले व्हते, तवा मांगची बाजू म्या पुरी वाचली. याहिचं जेवण झालं की मी अन् पूनमसिंगभाऊची जमनाबाई, आम्ही दोघी मांगच्या अंगणात बसतो. भाकर, तुरीचं वरण, चिवळीची भाजी, जवसाची चटणी, काकडी. हे कधी त्या अंगणात येतच नाही.’

दादा, डबा कोण संपवत होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. डॉक्टरांच्याही आलं. त्यांनी मला शेजारच्या टेबलावर आडवं केलं, त्याच पट्ट्या लावल्या, त्याच सुईनं (म्हणजे तशाच) रक्त काढलं. माझा आकडा शोभाच्या पाडव्याच्या आकड्यापेक्षाही वर निघाला. आता गोळ्या मला, पथ्य मला, चाळीस दिवसांनी पुन्हा यायचं तेही मलाच. येताना शोभा एसटीत खिडकीशी बसली आणि सबंध रस्ता बाहेरच पाहत राहिली. मला वाटलं, रागावली. कळंब जवळ आल्यावर पाहतो तर ती रडत होती. म्हणाली, ‘मले वाटलं तुम्ही लाकडासारखे वाळेल, तुमाले काय होते तुपानं. तुम्ही आयकत नाही म्हणून म्या बी हट्टानं वाढत गेली. तुमाले काही झालं असतं मंग?’ मग मीही रडलो. मागच्या बाकावरच्या माणसाला वाटलं की आम्ही मयतीहून येतो आहोत, त्यानं आम्हाला पाण्याची बाटली दिली.

पण मला डसलं ते दुसरंच. छत्तीस वर्षं मी पहिल्या पंगतीला बसत आलो आणि ती मागाहून जेवत आली, आणि या छत्तीस वर्षांत ती काय खाते, किती खाते, कुठे बसून खाते, हे मी एकदाही पाहिलेलं नाही. डब्याचं झाकण रोज उघडून पाहिलं, पण तिचं ताट पाहायला चार पावलं मागच्या अंगणात गेलो नाही. पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं उजेडात आलं असतं. म्हणून त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं एकत्र जेवतो. पहिल्या दिवशी मी ताट घेऊन मागच्या अंगणात गेलो तर जमनाबाई लाजून पळून गेली आणि शोभाला घास गिळेना. आता सवय झाली आहे. चिवळीची भाजी बारीक पानांची आणि आंबट असते, पहिले चार दिवस ती मला गवत वाटायची, आता निदान नावं ठेवावीशी वाटत नाहीत. पूनमसिंग अजून चारला येतात. त्यांना काकडी दिली की घड्याळ पाहतात आणि कामाचं निमित्त काढून उठतात. दारावरचा कागद उलटा करून लावायला गेलो, तर त्याचा वरचा पापुद्राच निघाला आणि मागची यादी दारालाच चिकटून राहिली, तीही उलट्या अक्षरांत. सध्या मी ती आरसा धरून वाचतो.

तर तब्येतीचं हे असं आहे. शोभा ठणठणीत आहे, मी पथ्यावर आहे, दोघंही मजेत आहोत. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवर माझ्या वतीनं हात फिरवावा.

आपला अपराधी मेहुणा,
सदाशिव

ता. क. खरं काम राहिलंच. इथल्या बाजारात भाजी म्हणाल तर चार दिवसांची शिळी. आजूबाजूच्या सगळ्या गावांत दारापर्यंत कपाशी, खायचं म्हणून कोणी काही पेरतच नाही. वणीचा कोळसा ज्या ट्रकांनी बाहेर जातो, त्याच ट्रकांनी इकडे कोबी येत असावा, रंगावरून तरी तसं दिसतं. चिवळ आता संपेल. शोभा परवा सांगत होती की तुमच्या आईच्या हयातीत कपाशीच्या मधूनमधून अंबाडी, बरबटी, भेंडी, काकडी असायची, आणि पावसाळाभर घरात भाजी विकत आणलेली तिला आठवत नाही. दादा, मृग लागायच्या आत एवढं करा. यंदाची कपाशी लावताना दोन ओळी कमी लावा आणि तिथे शोभासाठी अंबाडी-बरबटी टाका. जेमतेम दोनच ओळी. उमरखेडहून निघणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे आठवड्याला एक पिशवी दिलीत तरी पुरे. तिला कळू देऊ नका, दादाला एकेक ओळ कपाशीची लागते म्हणून ती तुमच्याकडे कधी मागणार नाही.

आणखी एक ता. क. त्या पिशवीत अंबाडीच्या जुडीखाली, कोणाला दिसणार नाही अशी, साजूक तुपाची एक लहानशी बाटली बसत असेल तर बसवावी. अगदी लहान. औषधाच्या बाटलीएवढी. डॉक्टरांनी बंद केलं आहे हे मान्य आहे, पण वासाला बंद केलेलं नाही. मी फक्त वास घेईन.

(खालचा मजकूर पेन्सिलीनं, दुसऱ्या हातचा.)

दादा, याहिनं पाकीट चिकटवाले मलेच देलं, म्हणून वाचलं. तुपाची बाटली पाठवशील तर मी राखीले येनार नाही, सांगून ठेवतो. बाकी याहिनं सारं खरं लिहेलं आहे, फक्त रोज जेवताना माह्या ताटाकडे कसे पाहात राह्यतात ते लिहेलं नाही. मी किती खाल्लं, काय खाल्लं, सारं पाहातात. पयले मले लाज वाटे. आता मीच त्याहिच्या ताटाकडे पाहातो, माह्या रिपोर्टाहून त्याहिच्या रिपोर्टाचा धाक मले जास्त लागला आहे. त्या दोन ओळी याहिनं माह्यासाठी मांगितल्या. दोन ओळीत एकाचं भागते रे. चार पेरजो.

शोभा